साठ मिनिटांचा गडी



अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा पायांनीं खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दींत घुसावयाचें आणि घुसणाऱ्यास अंगानें धडकून खालीं पाडावयाचें, असा तो दांडगा खेळ आहे. बचावाच्या पहिल्या फळीमागें उभा राहून, ती फोडून येणाऱ्यास जो अडवितो, त्यास लाइनबॅकर म्हणतात. त्या जागेवर नांव मिळविलेल्या चक बेडनारिक याची ही हकीकत आहे.

बेडनारिकचा जन्म १ मे १९२५ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील बेथलेहेम या पोलादाच्या गांवीं झाला. आईबाप स्लोव्हाक देशांतून आलेले. बाप कारखान्यांत भट्टीवर राबणारा. दुसऱ्या महायुद्धांत या मुलानें बाँबफेकी विमानांत मशीनगन चालवून जर्मनीवर तीस मोहिमा केल्या व तो सुखरूप परतला. पुढें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत नांव कमावून १९४९ सालीं तो फिलाडेल्फिया ईगल्स या धंदेवाईक संघांत दाखल झाला. खेळाचा हंगाम संपला कीं तो काँक्रीट विकी. त्यावरून त्याला 'काँक्रीट चार्ली' हें टोपणनांव पडलें.

१९५० पासून गडी हवे तितके वेळां बदलण्याची मुभा मिळाली व चढाईचे आणि बचावाचे गडी वेगळे झाले. परंतु १९६० सालीं सोबत्यांस दुखापती झाल्यामुळें पस्तिशींतला बेडनारिक दोन्ही कामें करूं लागला. २० नोव्हेंबर रोजीं न्यूयॉर्क येथें चेंडू घेऊन धांवणाऱ्या फ्रँक गिफर्डला त्यानें असा तडाखा दिला कीं, गिफर्ड बेशुद्ध पडला. चेंडू ईगल्सच्या हातीं आला आणि विजय पक्का झाला, म्हणून बेडनारिकनें मूठ उगारली. निपचित पडलेला एक आणि मूठ उगारलेला दुसरा, असें तें छायाचित्र अजरामर झालें. गिफर्ड १९६२ पर्यंत मैदानावर परतला नाहीं. मात्र तो तडाखा नियमास धरून होता, असें तो स्वतःच म्हणत असे.

२६ डिसेंबरला अजिंक्यपदाचा सामना झाला. साठांपैकीं अठ्ठावन्न मिनिटें बेडनारिक मैदानावर होता. अखेरच्या क्षणीं ग्रीन बेच्या जिम टेलरला त्यानें सीमेच्या अलीकडे लोळविलें आणि वेळ संपेपर्यंत उठूं दिलें नाहीं. ईगल्स १७–१३ असे जिंकले. चौदा हंगामांत अवघे तीन सामने चुकवून तो १९६२ सालीं निवृत्त झाला. १९६७ सालीं त्याला कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. म्हातारपणीं त्याच्या हाताचीं बोटें वेडींवांकडीं झालेलीं दिसत.

२१ मार्च २०१५ रोजीं बेडनारिक वारला आणि त्याच ऑगस्टांत गिफर्ड. नोव्हेंबरांत गिफर्डच्या कुटुंबानें जाहीर केलें कीं, डोक्यावर वारंवार आघात झाल्यानें जडणारा मेंदूचा विकार त्याच्या मेंदूंत आढळला. तो त्या एका तडाख्याचा परिणाम, असें म्हणतां येणार नाहीं. वर्षानुवर्षें बसलेल्या धक्क्यांचा तो हिशेब होता.

मीं उभा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला. मैदानावर पडलेल्या मुलास 'ऊठ, खेळ' असें कितीदां तरी सांगितलें आणि त्यालाच मर्दपणा मानलें. बेडनारिकच्या चिवटपणास मी आजही नमस्कार करतों. पण त्या छायाचित्रांत पूर्वीं माझी नजर उगारलेल्या मुठीवर खिळे. आतां ती खालीं पडलेल्या माणसाकडे जाते. ज्यास मीं 'ऊठ' म्हटलें, त्यास आधीं 'डोकें दुखतें का रे?' असें विचारावयास हवें होतें.