दिनविशेष : १४ नोव्हेंबर – कोव्हेंट्रीचे भग्न कॅथीड्रल

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहरावर बॉम्बचा वर्षाव केला आणि सेंट मायकेल हे मध्ययुगीन चर्च जळून गेले. मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकांत लाल वालुकाश्मात बांधलेल्या या गॉथिक वास्तूला १९१८ मध्ये कॅथीड्रलचा दर्जा मिळाला होता. त्या रात्री छत कोसळले, खांबांच्या ओळी पडल्या. बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा तेवढा उरला.

हे अवशेष जसेच्या तसे जपण्याचा निर्णय योग्यच होता. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातले, याच युद्धात उद्ध्वस्त झालेले फ्राउएनकिर्ख हे चर्च पुन्हा उभारले गेले, मग हे का नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु नव्याने कोरलेल्या दगडांत मध्ययुगीन गवंड्यांचा हात उतरत नाही. उरलेल्या भिंतींवर मात्र त्यांचे कसब आणि युद्धाची किंमत दोन्ही वाचता येतात. भग्न वास्तू उपासकांच्या उपयोगाची नाही, हा आक्षेपही टिकत नाही. वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांनी जुन्या भिंतींना लागूनच, लालसर वालुकाश्मात नवे कॅथीड्रल उभारले. २५ मे १९६२ रोजी ते उपासनेसाठी अर्पण झाले. जुने न पुसता नवे घडवता येते, हे कोव्हेंट्रीने सिद्ध केले आहे.