एक क्रूस आणि त्याची अनेक वाचने

इ. स. १५४७ मध्ये मद्रासजवळच्या एका टेकडीवर पोर्तुगीजांनी चर्चचा पाया खणायला घेतला आणि एक कोरीव शिळा हाती लागली. ही टेकडी म्हणजे आजचे सेंट थॉमस माउंट. येशूचा शिष्य थॉमस येथेच मारला गेला, अशी श्रद्धा आहे. शिळेवर क्रूस होता. त्याची टोके कळीसारखी फुललेली, बुंध्याशी दोन्ही बाजूंना वळलेली पाने, वरून खाली झेपावणारा पारवा आणि भोवतीच्या पट्टीवर कोणालाही न लागणाऱ्या लिपीतली एक ओळ. क्रूसावर येशूची आकृती मात्र नाही.

पोर्तुगीजांनी विजयनगरच्या राज्यातला एक विद्वान ब्राह्मण बोलावला. एकेका अक्षरात अनेक शब्द सामावले आहेत असे सांगून त्याने त्या एवढ्याशा ओळीतून कुमारीच्या पोटी जन्मलेला देव, त्याचे बारा शिष्य आणि त्यांपैकी एकाचे मैलापुरास येणे, एवढी सगळी कथा काढून दाखवली. यजमानांना जे ऐकायचे होते, ते त्याने ऐकवले. पण हसण्यापूर्वी पुढचे वाचक पाहू.

ही लिपी इराणची पहलवी आहे, हे १८७३ मध्ये ए. सी. बर्नेल या मद्रास इलाख्यातल्या न्यायाधीशाने दाखवले. पुढे युरोपातले पंडित सरसावले. आपल्या मुंबईचे जीवनजी जमशेदजी मोदी यांनीही १९२०च्या दशकात केरळातल्या कडमट्टम येथील अशाच क्रूसावर लिहिले. त्यांना त्या लेखात निनवेहून आलेला सुंदर पक्षी दिसला! विंकवर्थ यांनी १९३०च्या सुमारास तीच अक्षरे वाचली, तेव्हा पक्षी उडून गेला आणि उरली एक साधी प्रार्थना : चहारबुख्तच्या मुलावर ख्रिस्ताने दया करावी. मुलाचे नाव त्यांनी अफ्रास असे लावले, तर १९७० मध्ये गेर्ड ग्रोप यांनी सब्रीशो असे. एवढी तफावत का, तर या लिपीत ‘न’, ‘व’ आणि ‘र’ यांसाठी बहुधा एकच रेघ असते. मोडीतले जुने दफ्तर ज्यांनी चाळले आहे, त्यांना ही अडचण सांगायला नको. नावाचा वाद सोडला, तर दयेची याचना हा अर्थ आता बव्हंशी मान्य आहे, आणि माझ्या मते तो पटण्यासारखा आहे. जवळजवळ हाच मजकूर कोट्टायम, मुट्टुचिरा, आलंगाड येथील क्रूसांवरही आहे. एका भाविकाच्या नवसाची ओळ पुढच्यांनी पवित्र समजून उतरवून घेतली असावी.

खरा वाद पेटला तो बर्नेलच्या दुसऱ्या तर्कातून. दक्षिणेतले हे आरंभीचे ख्रिस्ती बहुधा मानीपंथी असावेत, असे त्याने सुचवले. मानी हा तिसऱ्या शतकातला इराणी धर्मसंस्थापक. प्रकाश आणि अंधार यांच्या सनातन झगड्याचा सिद्धान्त त्याने मांडला, आणि चर्चने त्याला पाखंडी ठरवले. बर्नेलचा एक आधार होता केरळच्या ताम्रपटांतला ‘मणिग्रामम्’ हा शब्द. मणिग्राम म्हणजे मानीचे गाव! वास्तविक हे व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे नाव. ‘वणिग्ग्राम’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे, आणि थायलंडमधल्या ताकुआ पा येथील नवव्या शतकातल्या तमिळ लेखातही ते येते. तिथे मानीचा काय संबंध?

हा तर्क ग्रंथालयात पडून राहिला असता तर बिघडले नसते. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळच्या सीरो-मलबार चर्चमध्ये जुन्या पूर्वसिरियाई उपासनेचे पुनरुज्जीवन सुरू झाले, आणि हा क्रूस ‘मार थोमा स्लीवा’ म्हणून वेदीवर आला. ज्यांना हे बदल नको होते, त्यांनी त्याला ‘मानीचा क्रूस’ म्हटले. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे ते चिन्हच पाखंड्यांचे, हा आरोप साधा नव्हे. वेदीवर येशूची मूर्ती असलेला क्रूस हवा की हा, यावरून धर्मग्रामांत फूट पडली.

मूर्ती नसणे हा पुरावा होऊ शकत नाही. मूर्तीविना क्रूस ही पूर्वेकडच्या ख्रिस्ती कलेची जुनी रीत आहे. शिवाय कोट्टायमच्या दोन क्रूसांपैकी मागाहून कोरलेल्यावर पहलवीबरोबर सिरियाक भाषेत पौलाचे एक वचन आहे : क्रूसाखेरीज कशाचाही अभिमान नको, अशा आशयाचे. तो कोरून घेणारे लोक तरी चारचौघांसारखे ख्रिस्तीच होते.

पानांचे काय? भारतीयत्वाचा पुरस्कार करणारे त्यांना कमळ म्हणतात. आर्मेनियाच्या शिळाक्रूसांवरही बुंध्यातून अशीच पाने फुटतात, आणि तिथे ते जीवनवृक्षाचे चिन्ह मानतात. उलट चीनमधल्या शीआन येथील ७८१ च्या शिलालेखावर क्रूस खरोखरच कमळावर उभा आहे. मला वाटते, कल्पना पश्चिमेकडून आली आणि छिन्नी इथल्या कारागिराची होती. कमळाची सवय असलेला हात पाने कोरतानाही थोडे कमळ कोरणारच.

हा सगळा व्यवहार आपल्या किनाऱ्यालाही परका नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक भाषेत लिहिणारा प्रवासी ‘कल्लियाना’ येथे इराणात नेमला गेलेला बिशप असल्याचे नोंदवतो. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. तिथून जवळच्या कान्हेरीत १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवीतच आपली नावे कोरून ठेवली आहेत. गोव्यात जुवारीकाठी आगशी येथे २००१ मध्ये असाच पहलवी लेखाचा क्रूस सापडला. त्यावर पोर्तुगीज मजकूरही आहे. नंतर आलेल्यांनीही तो आपलासा करून घेतला होता.