वीस फुटांखालचे छत्तीस शब्द

सत्तरच्या दशकातलं स्कॉटलंड. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबन गावात तुम्ही पाण्याच्या कडेला बसला आहात. समोर केरेराचं बेट, मागे टेकडीवर मॅकेग्स टॉवरची अपुरी राहिलेली गोल वास्तू. विद्यापीठाच्या डायव्हिंग क्लबमधून आलेल्या १८ जणांपैकी तुम्ही एक. दिवसाची ठरलेली बुडी मारून नुकतेच वर आलात, दात वाजतायत, गरम चहा हवाय. पण डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांना तुम्ही अशाच अवस्थेत हवे आहात. परीक्षा पाण्यात असो की किनाऱ्यावर, प्रत्येक जण सारखाच ओला आणि सारखाच गारठलेला असला पाहिजे.

आज तुमची पाळी पाण्याखालची. पुन्हा उतरा. वीस फुटांवर तळाशी स्थिर व्हा. कानापाशी बांधलेल्या रिसीव्हरमधून आवाज येतो. तीन शब्द, मग थोडी उसंत, पुन्हा तीन. साधेच शब्द, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. अशी ३६ शब्दांची यादी तुम्ही दोनदा ऐकता. ती संपते न संपते तोच आकडे सुरू होतात आणि ते निमूटपणे लिहून घ्यायचे असतात. हा छळ नाही. नुकतंच ऐकलेलं मनातल्या मनात पुटपुटत काही सेकंद टिकवता येतं, आणि ती उसनी पुंजी आधी पुसायची असते. ही पुटपुट बॅडलींच्या चांगल्या ओळखीची आहे. ग्रॅहम हिच यांच्यासोबत १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या प्रारूपात त्यांनी तिला स्वतंत्र जागा दिली.

काही मिनिटं जातात. आता आठवतील ते शब्द लिहा. क्रमाची सक्ती नाही.

उद्या हीच परीक्षा किनाऱ्यावर: मास्क कपाळावर सरकवलेला, श्वासाची नळी तोंडातून काढलेली. परवा वर ऐकायचं आणि खाली जाऊन आठवायचं. तेरवा उलट. रोज नवी यादी.

(जपून मात्र. जमिनीवर आणि पाण्यातही चालणारं लष्कराचं एक जुनं वाहन या प्रयोगात एका पाणबुड्याच्या अंगावरून जाता जाता राहिलं. गॉडन-बॅडलींनी शोधनिबंधात याची नोंद केली आहे. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत असलं काही घडत नाही, आणि म्हणूनच मला हा प्रयोग आवडतो.)

चौथ्या दिवशी हिशेब मांडला जातो. किनाऱ्यावर ऐकून किनाऱ्यावरच आठवलेले शब्द सरासरी १३.५. पाण्यात ऐकून पाण्यातच आठवलेले ११.४. जागा बदलली की घसरण: वर ऐकून खाली ८.६, खाली ऐकून वर ८.४. हा शेवटचा आकडा जरा बघा. पाण्याखालच्या त्रासातून सुटून तुम्ही मोकळ्या हवेत आलात, तरी पाण्यात असताना आठवले असते त्याहून कमीच शब्द आठवले.

तुम्ही हुज्जत घालाल. ‘अहो, वर-खाली करण्यातच डोकं भंजाळलं असेल, जागेचा काय संबंध?’ ही शंका त्यांनाही आली. म्हणून दुसऱ्या प्रयोगात किनाऱ्यावर शब्द ऐकवून काहींना मध्येच एक बुडी मारायला लावली आणि परत किनाऱ्यावरच विचारलं. फरक पडला नाही. निबंध १९७५ मध्ये छापला गेला आणि पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. शिकताना भोवती जे असतं तेही आठवणीत विणलं जातं, आणि तो धागा हाती नसला की शब्द सापडत नाही, असं त्याचं सांगणं. एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ मध्ये याच दिशेचा सिद्धान्त मांडला होता. धागा प्रत्यक्ष हातात असावाच लागतो असंही नाही. स्टीव्हन स्मिथ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की वेगळ्या खोलीत बसवलेल्यांना आधीची खोली नुसती डोळ्यांसमोर आणायला सांगितली, तरी त्यांची कामगिरी बरीच सुधारते.

आता १९८० मध्ये या. तेच दोघे, पुन्हा पाणबुडे, पुन्हा ओलं-कोरडं. पण या वेळी आठवायचं नाही, ओळखायचं आहे. पुढ्यात शब्दांची यादी, त्यातले ऐकलेले निवडायचे. जागेचा परिणाम नाहीसा होतो! म्हणजे परवा जे शब्द ‘गेले’ वाटले, ते गेलेच नव्हते, फक्त हाका मारून येत नव्हते?

इतक्यात निष्कर्ष काढू नका. २००१ मध्ये स्मिथ आणि एडवर्ड व्हेला यांनी जागेवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. परिणाम खरा आहे, पण माफक, असं त्यातून निघालं. २०२१ मध्ये याप मुरे या डच संशोधकाने ओबनचा प्रयोग पाणबुड्यांवर पुन्हा करून पाहिला, तेव्हा मूळ फरक दिसलाच नाही. त्यामुळे १९८० च्या निकालाचेही आता दोन अर्थ लागतात: ओळखताना जागेची गरज उरत नाही, किंवा पाणबुड्यांच्या बाबतीत जागेचा प्रभाव पहिल्यापासूनच वाटला तेवढा नव्हता. एवढ्या थोड्या माणसांवरच्या निकालाला पाठ्यपुस्तकांनी फार सहज कायम केलं, असं माझं मत. पाण्याखालची संकटाची कवायत मात्र मी तरी पाण्यातच शिकेन. पणाला लागतो तो जीव, आणि तिथे आठवणीतली माफक घसरणही चालणार नाही.