जंतूंनीं दिलेलें औषध

खांदा कॉलनीलगतच्या खांदेश्वर स्थानकावरून मुंबईकडे निघालेली गाडी दुसऱ्याच थांब्यावर खारघरला येते. तेथें टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग-संशोधन संस्था आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जगभर दिल्या जाणाऱ्या एका औषधाच्या इतिहासांतील अगदीं अलीकडचें पान येथें लिहिलें गेलें. पहिलें पान मात्र न्यूयॉर्कमध्यें, उंदरांच्या पिंजऱ्यापाशीं सांपडतें.

१९५३ सालीं जॉन किड यांना असें आढळून आलें कीं, गिनीपिगचा रक्तद्रव टोंचला असतां उंदरांतील कांहीं अर्बुदें विरघळून जातात. घोड्याच्या अथवा सशाच्या रक्तद्रवानें तसें घडत नाहीं. गिनीपिगच्या रक्तांत अस्पॅराजिनेज नांवाचें एन्झाइम असतें, ही गोष्ट क्लेमेन्टी यांनीं १९२२ मध्येंच नमूद करून ठेविली होती. परंतु या दोन टिपणांची गांठ कोणी घातली नव्हती. ती १९६१ सालीं जॉन ब्रूम यांनीं घातली.

हें एन्झाइम अस्पॅराजिन या अमिनो आम्लाचें विघटन करतें. (आपल्या शतावरीच्या जातभाईंपैकीं एका भाजींतून तें १८०६ मध्यें प्रथम वेगळें काढण्यांत आलें, नांव त्या भाजीवरूनच पडलें.) निरोगी पेशी आपल्यापुरतें अस्पॅराजिन स्वतः तयार करतात. रोगग्रस्त अपक्व पेशींना तें पुरेसें करतां येत नाहीं. त्या रक्तांतून उसनें घेतात. गडाला वेढा घालून रसद तोडावी, तसा हा उपाय आहे.

पण गिनीपिगांपासून एका मुलापुरतेंही औषध मिळविणें दुरापास्तच. १९६४ मध्यें मॅशबर्न व रिस्टन यांनीं आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचें अस्पॅराजिनेजही गुणकारी असल्याचें दाखविलें, आणि ही अडचण दूर झाली.

पुढें १९७३ सालीं कोहेन व बॉयर यांनीं जंतूंत नवें जनुक रुजविण्याची विद्या सिद्ध केली. इन्सुलिनसाठीं मनुष्याचें जनुक जंतूला द्यावें लागतें. येथें जंतूचेंच जनुक त्याला अनेक प्रतींत परत द्यावयाचें. मग पोलादी पात्रांत वाढणारा जंतू तेंच एन्झाइम मुबलक बनवितो. तें त्याच्या दोन पटलांमधील जागेंत सांठतें; बाहेरचें पटल सैल केलें कीं हातीं येतें. खरें कष्ट त्यानंतरचे. जंतूच्या कवचांतील विषद्रव्य राहिलें तर रोग्याला ताप भरतो. इतर प्रथिनें राहिलीं तर शरीर चवताळतें. २०१७ सालीं ब्राझीलमध्यें आयात केलेल्या अशाच एका औषधांत जंतूंचीं परकीं प्रथिनें आढळलीं, तेव्हां बालरोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर संतापले, तें उगीच नव्हे.

शुद्ध औषधही सर्वांना सोसत नाहीं. शरीर त्याला परकें ओळखून प्रतिपिंडें निर्माण करतें. शिवाय हें एन्झाइम अस्पॅराजिनबरोबर थोडें ग्लुटामिनही तोडतें, आणि कांहीं दुष्परिणाम त्यामुळें होतात असें मानतात. इंदूरच्या आयआयटींतील अविनाश सोनावणे व ‘ॲक्ट्रेक’मधील विक्रम गोटा यांनीं सहकाऱ्यांसह याच दोन दोषांवर काम केलें. एन्झाइमच्या सांखळींतील मोजकींच अमिनो आम्लें बदलून त्यांनीं त्याचें सुधारित रूप पुढें आणलें. २०२१ सालीं त्याच्या पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचणीस केंद्रीय औषध नियंत्रकांची अनुमती मिळाली.