लाखो मारली, तरी फुरसं आहेच

गवत कापणीचे दिवस आलेत, म्हणून आज कातळावरच्या फुरशाचा इतिहास लिहितोय.

आपल्या रत्नागिरीत इंग्रज सरकारने फुरसं मारणाऱ्याला इनाम लावलं होतं. डिसेंबर १८६२ मध्ये आठच दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली. विडाल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८९० मध्ये लिहिलंय, की जिल्ह्यात सहा वर्षं दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेली. तेव्हा मालवण, देवगडही याच जिल्ह्यात होतं. तरी आकडा केवढा!

एवढं मारून संपलं का? नाही. हातभर लांबीचं हे जनावर अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं. दगडाखाली, गडग्याच्या फटीत, गवताच्या बुडात बसतं. रंग मातीचाच, त्यामुळे दिसत नाही. डोक्यावर बाणासारखी खूण असते. विंचू, गोम, उंदीर, पाल, बेडूक, काहीही खातं. छेडलं की वेटोळी एकमेकांवर घासतं. खरखर आवाज येतो तो करवती खवल्यांचा. कातळ आहे, गवत आहे, तोवर फुरसं राहणारच.

माणसं वाचायला लागली ती लसीमुळे. मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही ही लस बनवली. आज मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. हिरडीतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं, तेही कधी कधी उशिरा. म्हणून "बारकंच होतं, काय होत नाय" म्हणून घरी बसू नका. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष भिनलंय असं समजतात आणि लस देतात.

तेव्हा मंडळी, विळा घालण्याआधी काठीने गवत हलवा. दगड हाताने नको, पहारीने उलटा. पायात बूट, रात्री हातात बॅटरी. चावलंच तर आवळून बांधू नका, चिरू नका, झाडपाल्यात वेळ घालवू नका. हातपाय न हलवता माणसाला सरळ लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. आपल्या जवळच्या दवाखान्यात लस आहे का, हे कापणीआधीच विचारून ठेवा.