धावणे आणि वजन उचलणे : एका शरीराच्या दोन मागण्या
(बुलढाणा जिल्ह्यातील भरतीच्या तयारीच्या निमित्ताने)

१. प्रश्नाचे स्वरूप

बुलढाणा जिल्ह्यात व्यायामाकडे सर्वांत गांभीर्याने पाहतात ती पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे ती धावताना दिसतात. त्यांच्यासाठी व्यायाम हा हौसेचा विषय नाही, घराच्या उत्पन्नाचा प्रश्न त्याला बांधलेला आहे. म्हणून त्यांना मिळणारा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर उतरला पाहिजे.

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते आणि त्यांचा गोळा ४ किलोचा असतो. म्हणजे पहिल्या प्रकाराला दम लागतो, तिसऱ्याला ताकद, आणि मधल्याला ताकद व वेग यांचा मेळ. कार्डिओ किती करावा आणि वजन किती उचलावे, हा जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न येथे थेट गुणांच्या रूपात समोर येतो.

मैदानावर याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, जिम लावली की अंग जड होते आणि रनिंग बसते. दुसरे, रोज दहा किलोमीटर पळा, बाकीचे आपोआप होईल. दोन्हींत अनुभवाचा अंश आहे, पण दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. या लेखाचे प्रतिपादन असे की दोन्ही व्यायाम एकमेकांचे वैरी नाहीत. संघर्ष होतो तो एकूण भार, चुकीची वेळ आणि अपुरी विश्रांती यांमुळे. त्यामुळे समतोल साधायचा तर वेळेची निम्मी-निम्मी वाटणी पुरत नाही. एका काळासाठी एक उद्दिष्ट मुख्य ठरवावे लागते, दुसरे राखावे लागते आणि दोहोंत अंतर ठेवावे लागते.

२. शरीर कसे बदलते

व्यायामाने शरीर बदलते ते व्यायाम चालू असताना नव्हे, तर नंतरच्या विश्रांतीत. आणि कोणता बदल घडवायचा हे भाराच्या प्रकारावरून ठरते.

दीर्घकाळ धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढते. जड वजन उचलण्याने आधी मज्जासंस्था सुधारते. एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लावणे तिला जमू लागते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा न फुगताही ताकद वाढते. स्नायूंची जाडी त्यानंतर वाढते.

पेशीच्या पातळीवर या बदलांमागे वेगवेगळे संदेश असतात. ऊर्जा संपत आल्याची सूचना देणारे एएमपीके हे विकर लांब धावण्याने जागे होते. स्नायूतील प्रथिनांची बांधणी चालवणारी एमटॉर ही यंत्रणा वजनाच्या व्यायामाने सक्रिय होते. पहिला संदेश दुसऱ्याला काही प्रमाणात दाबू शकतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र धावण्यानंतरचा हा संदेश काही तासांत ओसरतो, तर वजनाच्या व्यायामाने सुरू झालेली बांधणी एक-दोन दिवस चालू राहते. दोन सत्रांत अंतर ठेवण्याच्या सल्ल्याचा एक आधार हा आहे. दुसरा अधिक साधा आहे : थकलेल्या पायांनी ना जोरात धावता येते, ना जड वजन नीट उचलता येते.

३. पुरावा

या विषयाचा पाया रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने घातला. त्यांनी तीन गट केले : फक्त ताकदीचा, फक्त दमाचा आणि दोन्हींचा. प्रयोग १० आठवडे चालला. ताकदीचा सराव आठवड्यातून ५ दिवस आणि दमाचा ६ दिवस होता. दोन्ही करणाऱ्या गटाचा दम फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. त्यांची ताकद मात्र सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. ‘कार्डिओ ताकद खातो’ या समजुतीचे मूळ येथे आहे. पण या गटावर आठवड्याला अकरा सत्रांचा भार होता, हे सांगायचे राहून जाते.

२०१२ साली विल्सन आणि सहकाऱ्यांनी २१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. कार्डिओचे दिवस आणि मिनिटे वाढतील तशी ताकदीची हानी वाढते, असे त्यात दिसले. म्हणजे मात्रा निर्णायक ठरली. २०२२ साली शूमान आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यास तपासले. दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद यांत लक्षणीय घट आढळली नाही. घट आढळली ती स्फोटक ताकदीत, म्हणजे क्षणार्धात जोर लावण्याच्या क्षमतेत. तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तेव्हा. सत्रांत किमान तीन तासांचे अंतर असताना ती दिसली नाही.

उलट दिशेचा पुरावाही महत्त्वाचा आहे. नॉर्वेतील स्टोरेन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सरावलेल्या धावपटूंना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड वजनाचे अर्ध-स्क्वॉट करायला लावले. चार सेट, प्रत्येकात चार आवर्तने. त्याच वेगाने धावायला लागणारा प्राणवायू सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला आणि शरीराचे वजन वाढले नाही. जड वजन आणि कमी आवर्तने यांनी अंग जड न होता धाव सुधारू शकते, हे त्यातून दिसते.

४. गुणांच्या दृष्टीने विश्लेषण

हा पुरावा चाचणीच्या रचनेवर ठेवून पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. सामान्य आरोग्यासाठी व्यायाम करणाऱ्याने या संघर्षाची चिंता करण्याचे कारण नाही. भरतीच्या उमेदवाराने मात्र ती केली पाहिजे, कारण एकत्र सरावात झिजते ती नेमकी स्फोटक ताकद, आणि १०० मीटर व गोळाफेक या तिच्यावरच उभ्या प्रकारांचे मिळून ५० पैकी ३० गुण आहेत. १६०० मीटरचे २० गुण डोळ्यांसमोर ठेवून रोज लांब पळणारा उमेदवार उरलेल्या ३० गुणांची पायाभरणी नकळत कमकुवत करतो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी लागू पडते. त्यांच्या तयारीत वजनाच्या व्यायामाला अनेकदा जागाच नसते, गोळा फक्त फेकून फेकून सुधारेल अशी अपेक्षा असते. तंत्र सरावाने येते. पण पाय, कंबर आणि खांदा यांची ताकद वजनानेच वाढते. वजन उचलल्याने शरीर पुरुषी होते ही भीती निराधार आहे.

५. समतोलाची तत्त्वे

पहिले : काळ वाटून घ्यावा. भरतीला चार महिने असतील, तर पहिले दोन महिने ताकद मुख्य आणि धाव राखीव, पुढचे दोन महिने वेग व धाव मुख्य आणि ताकद राखीव. मिळवायला लागते त्याहून राखायला पुष्कळ कमी लागते. बिकेल आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासात तरुणांनी १६ आठवड्यांत कमावलेले स्नायू आठवड्यातील एका दिवसाच्या सरावाने पुढचे ३२ आठवडे टिकवले. दमाच्या बाबतीतही तीव्रता तशीच ठेवली, तर दिवस कमी करून तो बराच काळ टिकतो.

दुसरे : अंतर ठेवावे. एकाच दिवशी दोन्ही करायचे असतील, तर एक सकाळी आणि एक संध्याकाळी. कुस्तीच्या तालमीत सकाळ-संध्याकाळ दोन वेळा मेहनत करण्याची जी रीत चालत आली, ती या तत्त्वाशी जुळणारी आहे.

तिसरे : क्रम पाळावा. एकाच सत्रात दोन्ही उरकावे लागले, तर वजन आधी, धाव नंतर. अशा क्रमाने पायांच्या ताकदीत थोडी अधिक वाढ होते आणि दमाचे नुकसान होत नाही.

चौथे : कठीण दिवस कठीण, सोपे दिवस खरोखर सोपे ठेवावेत. सोप्या धावेत सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. रोज मध्यम-जोरात पळणारा कधी पुरता ताजा नसतो आणि कधी पुरता वेगवानही होत नाही.

पाचवे : भार हळूहळू वाढवावा. धावण्याचे अंतर आणि उचलायचे वजन एकाच आठवड्यात वाढवू नये. नडगी, गुडघा आणि पोटरीची दुखणी बहुधा घाईतून येतात.

६. आठवड्याची मांडणी

ताकदीच्या टप्प्यातील उमेदवारासाठी एक नमुना असा :

सोमवार : सकाळी ३० ते ४० मीटरच्या छोट्या वेगवान धावा आणि गोळ्याचे तंत्र, संध्याकाळी पायांचे जड व्यायाम.
मंगळवार : अर्धा तास सोपी धाव.
बुधवार : ४०० मीटरचे चार ते पाच फेरे, मध्ये पुरेशी विश्रांती.
गुरुवार : खांदे, छाती, पाठ आणि पोटाचे व्यायाम.
शुक्रवार : सोमवारसारखाच, पण वजनाचे सेट कमी.
शनिवार : ४० ते ५० मिनिटांची सोपी धाव.
रविवार : पूर्ण विश्रांती.

वेगाच्या टप्प्यात वजनाचे दिवस दोनवर आणावेत, सेट निम्मे करावेत, पण वजन कमी करू नये. शनिवारी अधूनमधून घड्याळ लावून १६०० मीटर पळावे. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सगळाच भार उतरवावा.

जिम परवडत नसेल तरी काम अडत नाही. पाण्याची २० लिटरची भरलेली कॅन २० किलोहून थोडी जास्तच भरते. वाळूचे पोते खांद्यावर घेऊन बैठका, पायऱ्यांवर उड्या, जोर आणि आडव्या दांड्याला पुल-अप यांनी पाया चांगला बांधता येतो. सैन्य भरतीत पुल-अपला स्वतंत्र गुण असल्याने तो सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो.

७. घाट, ऊन आणि शेती

जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यातच करतो, आणि व्यायामाचे नियोजनही त्याप्रमाणे बदलावे लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याभोवती चढ-उतार आहेत. चढावर धावणे हे पायांसाठी ताकदीच्या व्यायामाच्या जवळ जाते, आणि आघातही कमी असतो. उताराचे तसे नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस ते दुखतात. उतारावरची धाव पायांच्या वजनाच्या दिवसाला चिकटून ठेवू नये. राजूर घाटासारख्या वाहत्या रस्त्यावर तर पळूच नये. वाहनांचा धोका कोणत्याही फायद्यापेक्षा मोठा आहे.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुरा-शेगाव पट्ट्यात, एप्रिल-मेमधील ऊन कडक असते. उष्णतेत रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे वळतो, म्हणून त्याच वेगाला नाडी अधिक चालते. अशा दिवसांत घड्याळापेक्षा श्वासावर भर द्यावा, धाव सूर्योदयापूर्वी संपवावी आणि वजनाचा व्यायाम सावलीत करावा.

शेतीचे काम हाही भार आहे, तो हिशेबात धरलाच पाहिजे. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकलेल्या किंवा पोती उचललेल्या मुलाने संध्याकाळी पुन्हा डेडलिफ्ट मारणे म्हणजे कंबरेला दुखापतीचे निमंत्रण. त्या काळात आठवड्यातून दोन छोटी, नेमकी सत्रे पुरेशी आहेत. मात्र शेतीकाम करतो म्हणून व्यायामाची गरज नाही, हेही खरे नाही. त्या कामात भार क्रमाने वाढत नाही आणि वेगाचा सराव होत नाही.

८. भरतीबाहेरच्यांसाठी

शिक्षक, दुकानदार, गृहिणी आणि निवृत्त मंडळी यांचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. आपल्याकडे पहिला भाग चालण्याने थोडाफार होतो, दुसरा जवळजवळ नसतोच.

तो का महत्त्वाचा, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले. त्यांचा स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा उंची-वजन निर्देशांक सारखाच, २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. रक्तातील साखर सर्वाधिक शोषून घेणारी जागा स्नायू असल्याने मधुमेह टाळण्यासाठी तो वाढवणे फार मोलाचे आहे.

मात्र वजनही एकटे पुरत नाही. रक्तदाब वाढलेल्या आणि वजन जास्त असलेल्या ४०६ प्रौढांवर वर्षभर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयरोगाच्या धोक्याचे एकत्रित माप कार्डिओ करणाऱ्या आणि दोन्ही करणाऱ्या गटांत सुधारले, फक्त वजन उचलणाऱ्यांत नाही. दोन्ही करणाऱ्यांनी एका तासात अर्धा वेळ कार्डिओला आणि अर्धा वजनाला दिला होता, म्हणजे त्यांना निम्म्या कार्डिओत तोच लाभ मिळाला आणि शिवाय ताकद वाढली. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

९. भरपाई

दोन्ही व्यायाम करणाऱ्याचे नुकसान अनेकदा व्यायामाने होत नाही, अपुऱ्या अन्नाने आणि झोपेने होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ताकद वाढवायची असेल तर सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ दिसतो, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९५ ग्रॅमच्या आसपास. भाकरी आणि पातळ वरणावर हा आकडा गाठला जात नाही. त्यासाठी महाग डबे लागत नाहीत. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीन हे तर आपल्या जिल्ह्याचे प्रमुख पीक, त्यात ३५ ग्रॅमहून अधिक. ते नीट शिजवून किंवा भाजून खावे, कच्चे खाऊ नये. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण रक्तक्षय असेल तर कितीही पळूनही दम वाढत नाही. ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या इंजेक्शन-गोळ्यांपासून सर्वांनीच दूर राहावे.

१०. निष्कर्ष

कार्डिओ आणि वजन यांत निवड करण्याची गरज नाही. गरज आहे ती नियोजनाची. काळानुसार एक उद्दिष्ट पुढे ठेवावे, दुसरे थोड्या पण नियमित सरावाने राखावे, दोन सत्रांत तीन तासांहून अधिक अंतर ठेवावे, शेतीचे श्रम भारात मोजावेत आणि अन्न-झोप यांना सरावाइतकेच महत्त्व द्यावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. प्रत्येक मैदानावर एक वही ठेवली, तीत धाव, वजन, झोप आणि शेतातले काम रोज नोंदले, आणि दर चौथ्या आठवड्याला त्या नोंदी पाहून सरावात बदल केला, तर आपल्या मुला-मुलींची मेहनत वाया जाणार नाही. तेवढी शिस्त लावून घेणे त्यांच्या आणि त्यांच्या मार्गदर्शकांच्या हातात आहे.