आज्ञालेखन (कोडिंग), प्राथमिक शाळांतील

संगणकाकडून एखादे कार्य करवून घेण्यासाठी त्यास क्रमबद्ध व निःसंदिग्ध आज्ञा देण्याच्या विद्येची बालवयातील तोंडओळख. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्टप्रभृतींनी मुलांसाठी रचलेली ‘लोगो’ भाषा हा तिचा आरंभ मानावा. २००७ मध्ये आलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये रंगीत ठोकळे जुळवावयाचे असल्याने टंकलेखनाची मातब्बरी उरली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) हा विषय सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचविला असला, तरी ज्यास यंत्र मुळीच लागत नाही असा त्याचा पाया पहिलीपासूनच घालता येतो. चंद्रपूर व १९८२ साली त्यातून विभक्त झालेला गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत, जेथे भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यात विजेचा भरवसा धरवत नाही, हीच पद्धत श्रेयस्कर होय: अंगणात खडूने चौकटी आखाव्यात, एका मुलाने ‘दोन घरे पुढे, मग उजवीकडे वळ’ असे फर्मावावे, दुसऱ्याने अक्षरशः तेवढेच करावे, आणि तो भिंतीवर आदळला, तर कसूर त्याची नव्हे, हुकमाची, हे सर्वांनी मिळून पडताळावे. घरी माडिया वा गोंडी बोलणाऱ्या मुलांस हे हुकूम प्रथम मातृभाषेतच देऊ द्यावेत. संगणकसंच पोहोचले म्हणजे विषय सुरू झाला, ही दप्तरी समजूत मात्र निराधार आहे.